१-०-१ म्हणजे नक्की किती वाजता? गोळ्यांच्या वेळा शरीराच्या घड्याळाशी जुळवताना

डॉक्टर चिठ्ठीवर १-०-१ लिहितात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एवढं सगळ्यांना कळतं. पण सकाळ म्हणजे पहाटे पाचचा कोरा चहा, साडेनऊची पेज की शेतातून परतल्यावरची आंघोळ, हे त्या तीन आकड्यांत कुठेच नसतं. मग जो तो आपापली सकाळ धरतो. कुणाची गोळी चहात वाया जाते, कुणाची नको त्या वेळी जोर करते, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट बिघडला की बोल मात्र औषधाला लागतो.

मी सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात बसतो. थायरॉइडची बाटली हातात घेऊन आजी विचारतात, ‘‘चायवांगडा घेवची मां?’’ नाही आजी, चहाबरोबर नाही, असं मी सांगतो, त्या मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारतात. चूक त्यांची नाही. वेळ कशी ठरवायची, हे त्यांना क्रमाने कुणी सांगितलेलंच नसतं.

कारण थोडक्यात असं. शरीराचं आतलं घड्याळ साधारण चोवीस तासांचं असतं. पहाटे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, जाग येण्याच्या सुमारास बीपी चढू लागतं. झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरतं. यकृत कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनवतं, आणि पहाटे चारच्या आसपास श्वासनलिका सर्वांत आकसलेल्या असतात. काही औषधांना या चढउताराचा फायदा मिळतो, काहींना फक्त पोट रिकामं आहे की भरलेलं याच्याशी मतलब असतो, आणि बऱ्याच औषधांना वेळेने काही फरक पडत नाही. कुठली गोळी यातल्या कुठल्या गटातली, हे ओळखणं हेच खरं काम आहे.

सावध: हे वाचून स्वतःच्या मनाने उद्यापासून कुठल्याही गोळीची वेळ बदलू नका. इथली तयारी डॉक्टरांसमोर बसण्याआधीची आहे. आणि छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांना वेळापत्रक लागू नाही. लगेच १०८ ला फोन करा आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला ते लिहून ठेवा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्याकडे त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. ‘सकाळपर्यंत बघूया’ म्हणणारी माणसं इथेच फसतात.

## १. आधी स्वतःचा दिवस कागदावर उतरवा

चार-पाच दिवस एका वहीत इतकंच लिहा: जाग किती वाजता आली, पहिला चहा कधी, मशेरी किंवा तंबाखू कधी, पोटात पहिलं खरं खाणं कधी गेलं, दुपारचं आणि रात्रीचं जेवण कधी, अंथरुणाला पाठ कधी टेकली, रात्री लघवीला किती वेळा उठावं लागलं.

‘पहिलं खरं खाणं’ हे शब्द मुद्दाम वापरलेत. आपल्याकडे चहा आणि दोन बटर म्हणजे न्याहारी नव्हे. न्याहारी म्हणजे घावणे, आंबोळी, नाहीतर पेज आणि सोबत सुक्या मासळीचं काहीतरी. आणि ती बऱ्याच घरांत उठल्यानंतर तीन-चार तासांनी होते. डॉक्टरांच्या मनातली न्याहारी आठची असते, तुमची दहाची. हे अंतर चिठ्ठीत कुठे दिसत नाही.

त्याच वहीत तक्रारीची वेळही टिपा. नुसतं ‘सांधे दुखतात’ एवढं पुरत नाही. सकाळी उठल्यावर बोटं आखडतात आणि मोकळी व्हायला तासाभराहून जास्त लागतो, की दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी गुडघे बोलू लागतात? पहिला प्रकार सुजेच्या संधिवाताकडे बोट दाखवतो, दुसरा झिजेकडे. दोन्हींची औषधं वेगळी आणि वेळाही वेगळ्या. दम्याचंही तसंच. गेल्या महिन्यात दम्याने एकदाही रात्री झोपमोड झाली असेल तर दमा नीट आटोक्यात नाही असं समजा आणि ते डॉक्टरांना सांगा.

तपासून पाहा: वहीतले दिवस एकसारखे आहेत का? बाजाराचा दिवस, उपवासाचा दिवस, बोटीवर गेलेला दिवस वेगळा दिसत असेल तर त्यावर खूण करा. ती पुढे सहाव्या टप्प्यात लागेल.

## २. घरातलं सगळं औषध एका चादरीवर मांडा

सगळं म्हणजे सगळं. बीपीची, साखरेची पट्टी, मुंबईहून मुलाने पाठवलेलं कॅल्शियम, आयुर्वेदिक काढा, इनहेलर, डोळ्यांचे थेंब, शेजारच्या काकींनी ‘मला गुण आला’ म्हणून दिलेली ॲसिडिटीची गोळी. नंतर प्रत्येकापुढे चिठ्ठीतली खूण लिहा.

इंग्रजी अक्षरांच्या खुणा अशा वाचायच्या: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस म्हणजे झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. यातल्या ओडीत ‘कधी’ हे येतच नाही, फक्त ‘किती वेळा’ येतं. ओडी लिहिलेल्या प्रत्येक गोळीपुढे प्रश्नचिन्ह काढा.

पट्टीवर नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एमआर यांपैकी काही असेल तर ती गोळी हळूहळू सुटणारी असते. अशी गोळी कुटायची, चावायची नाही. तोडायचीही नाही, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. दिवसभरासाठी भरलेला डोस एका तासात अंगात उतरला तर वेळापत्रकाला काय अर्थ राहिला?

सावध: मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. पाकिटावर ठसठशीत अक्षरांत वार लिहा, ‘सोमवार’ असा पूर्ण शब्द, आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तो सांगून ठेवा.

## ३. बीपी आणि साखर मोजा, पण ठरल्या वेळी

वेळ बदलायची की नाही हे आकड्यांवरून ठरतं, आणि आकडे चुकीच्या वेळी घेतले तर निर्णयही चुकतो. सर्वांत जास्त घोळ बीपीत होतो.

सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. सकाळी उठल्यापासून तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, गोळी आणि न्याहारी दोन्हींच्या आधी. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा दंडाला, हात छातीच्या पातळीवर टेबलावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. मशेरी हीसुद्धा तंबाखूच, हे बायकांना पटवताना माझी दमछाक होते. उठल्या उठल्या मागच्या दारी बसून मशेरी लावायची, चूळ भरायची आणि लगेच यंत्राचा पट्टा बांधायचा. निकोटिनने चढलेलं बीपी मग ‘सकाळचं बीपी’ म्हणून वहीत जातं आणि डॉक्टर गोळी वाढवतात. पट्टा आधी, मशेरी मागून. अजिबात सुटली तर उत्तमच.

साखरेसाठी उपाशीपोटीचा आकडा आणि जेवणानंतरचा आकडा, दोन्ही हवेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि रात्री घाम येऊन जाग येत असेल, तर त्याच क्षणी मोजा. तो आकडा डॉक्टरांच्या सर्वांत उपयोगी पडतो.

## ४. गोळ्यांची वाटणी करा

आता वही आणि चादरीवरची औषधं शेजारी ठेवा. घड्याळाचे काटे बाजूला राहू देत. दिवसाला चार खुंट्या आहेत असं धरा: जाग, पहिलं खाणं, रात्रीचं जेवण, झोप. प्रत्येक गोळी यांपैकी एका खुंटीला अडकवायची.

### जाग आल्यावर, रिकाम्या पोटी

थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, इथे पहिली. नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध, खाणं काही नाही. कोरा चहाही नाही; त्यात दूध नसलं तरी औषध शोषायला अडथळा होतोच. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यापासून चार तास लांब.

पण ज्यांना डोळे उघडले की चहा लागतोच, त्यांना ‘तासभर थांबा’ सांगून काही होत नाही. त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. पहाटे लघवीला उठायची सवय असेल तर गोळी आणि तांब्या उशाशी ठेवा, तेव्हाच घ्या आणि पुन्हा झोपा. नाहीतर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्या, पण जेवण होऊन किमान तीन तास झालेले असले पाहिजेत. साडेनऊला जेवून दहाला झोपणाऱ्यांसाठी ही दुसरी वाट नाही. जी वाट धराल ती रोज तीच.

हाडांसाठीची अलेंड्रोनेट, आठवड्यातून एकदा असेल तर तीही याच खुंटीला: पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचंही नाही.

### पहिल्या खाण्याच्या आधी

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्या खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी. पोटात आम्ल सोडणारे पंप खाणं आलं की चालू होतात, आणि ही गोळी चालू असलेल्या पंपांनाच बंद पाडते. गोळी रक्तात फार वेळ टिकत नाही, म्हणून ती आणि खाणं यांची गाठ पडावी लागते. वडे-सागोती चापून झाल्यावर ‘आता जळजळेल’ म्हणून घेतलेली पॅन्टोप्राझोल बहुतेक वाया जाते. सहाला गोळी आणि दहाला पेज, हेही चुकीचं. तुमची पेज दहाची असेल तर गोळी साडेनऊची. त्रास मुख्यतः रात्रीचा असेल तर डॉक्टर ती रात्रीच्या जेवणाआधी द्यायला सांगू शकतात.

ही गोळी नव्याने सुरू झाली असेल आणि थायरॉक्सिन आधीपासून चालू असेल, तर थायरॉइडची पुढची तपासणी कधी करायची ते विचारा. पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉक्सिनही कमी शोषलं जाऊ शकतं.

### पहिल्या खाण्याबरोबर

ग्लिमेपिराइड आणि त्या घराण्यातल्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या न्याहारीच्या अगदी आधी किंवा पहिल्या घासाबरोबर. माझ्या दृष्टीने ही किनाऱ्यावरची सर्वांत धोक्याची चूक. सहा वाजता चहाबरोबर गोळी घ्यायची, बागेत शिंपणं करायला जायचं आणि नऊच्या सुमारास पोफळीला धरून उभं राहायचं, कारण डोळ्यांपुढे अंधारी आली. गोळीने तिचं काम केलं, खाणंच आलं नाही. घाम, थरथर, धडधड, गोंधळ अशी लक्षणं दिसली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि मग पोटभर खा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ बोलवा.

साखरेचीच मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर, म्हणजे पोट बिघडत नाही.

प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिवसातून एकदा असेल तर सकाळीच, खाऊन. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल सकाळी चढलेलं असतं, म्हणून तेव्हा बाहेरून दिलेलं त्यात सामावतं. तेच संध्याकाळी घेतलं तर झोप उडते आणि शरीराची स्वतःची निर्मिती जास्त दबते. आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड एका दिवसात बंद करायचं नसतं, कितीही बरं वाटत असलं तरी.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, यांची वेळही सकाळची. दुसरा डोस असेल तर दुपारी चारच्या आत. बीपीच्या जोडगोळीच्या नावाला शेवटी ‘एच’ लागलेला असेल तर त्यात बहुधा लघवीचं औषध असतं. पट्टीच्या मागे घटक वाचा. आपल्याकडच्या जुन्या घरांत संडास मागच्या अंगणात, पावसात पायरीवर शेवाळ, त्यात रात्री दोनला वीज गेलेली. संध्याकाळच्या लघवीच्या गोळीने मोडलेली कंबर मी पाहिली आहे, आणि ती कुठल्याही बीपीपेक्षा महाग पडते.

### संध्याकाळी किंवा झोपताना

सिमव्हास्टॅटिनसारख्या थोडा वेळ टिकणाऱ्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या रात्री. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन अंगात बराच वेळ राहतात, त्या कधीही चालतात. हल्ली बहुतेकांना याच असतात, तरी ‘कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीचीच’ हा हट्ट सुटत नाही. रात्री विसरत असाल तर सकाळी घ्यायला डॉक्टर हरकत घेणार नाहीत.

दम्यासाठी मॉन्टेलुकास्ट संध्याकाळी. ती सुरू झाल्यावर वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासपणा दिसू लागला तर वाट पाहत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. स्टेरॉइडचा इनहेलर सांगितलेल्या वेळी, दम लागत नसला तरी रोज, आणि प्रत्येक वेळी नंतर चूळ भरायची. सर्दीची झोप आणणारी गोळी रात्री. पण रात्री बोट, रिक्षा किंवा गाडी चालवायची असेल तर अजिबात नाही.

### कधीही, पण रोज त्याच वेळी

ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन वगैरे बीपीच्या बऱ्याच गोळ्या या गटातल्या. ‘बीपीची गोळी रात्रीच घ्या, हार्ट अटॅक टळतो’ असा निरोप दर काही महिन्यांनी फोनवर फिरत येतो. २०१९ मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासाने तसा दावा केला होता खरा, पण त्यावर बऱ्याच शंका घेतल्या गेल्या. नंतर ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर सकाळ विरुद्ध संध्याकाळ अशी सरळ तुलना झाली. २०२२ मध्ये तिचा निकाल आला: हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू, कशातच लक्षात घेण्याजोगा फरक नाही. तेव्हा जी वेळ तुम्ही विसरणार नाही तीच तुमची वेळ. वयस्क माणूस रात्री उठल्यावर झोकांड्या खात असेल तर मात्र रात्रीच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

काही गोष्टी वेळ बदलूनही सुटत नाहीत. गणपतीत मूर्तीवरच्या माटवीला बांधलेलं पपनस नंतर घरोघर सोललं जातं. हे फळ काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं, आणि तो परिणाम काही तासांत जात नाही. गोळी सकाळी आणि पपनस रात्री अशी विभागणी करून फायदा नाही. सिमव्हास्टॅटिन किंवा किडनी बदलल्यानंतरची औषधं चालू असतील तर आधी विचारा.

किमोथेरपीसारख्या उपचारांत वेळेचे प्रयोग झालेत, चालूही आहेत. तिथली वेळ ठरवणं हॉस्पिटलचं काम, घरचं नाही.

तपासून पाहा: एका खुंटीला दोन भांडखोर गोळ्या तर अडकल्या नाहीत ना? थायरॉक्सिन आणि कॅल्शियम. लोह आणि चहा. लोह आणि कॅल्शियम. पावसाळ्यात लेप्टोच्या तापाच्या भीतीने आरोग्य केंद्रातून मिळालेली डॉक्सिसायक्लिन आणि दूध किंवा लोह. डॉक्सिसायक्लिन खाल्ल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. लावणीहून दमून आल्यावर दोन घोट पाण्याबरोबर ती गिळून झोपलं की ती अन्ननलिकेत चिकटते आणि दोन दिवस घास उतरत नाही.

## ५. डॉक्टरांकडे जा, आणि एका वेळी एकच बदल करा

वही, औषधांची यादी आणि बीपी-साखरेचे आकडे घेऊन जा. गर्दी असते, म्हणून प्रश्न आधीच लिहा. तीन पुरतात: यातली कुठली वेळ बदलायला हवी? बदल एका दिवसात करू की सरकवत? चुकली तर काय करू?

‘सकाळी’ असं उत्तर मिळालं तर लगेच विचारा, ‘‘डॉक्टर, मी पाचला उठतो आणि पेज दहाला खातो. यातली कुठली सकाळ?’’ यात संकोच कसला? बहुतेक डॉक्टर हसतात आणि चिठ्ठीवर नीट वेळ लिहून देतात.

दोन गोळ्यांच्या वेळा एकदम बदलल्या आणि चक्कर आली, तर दोष कुणाचा ते कळत नाही. म्हणून एक बदल, मग आठवडाभर नोंद, मग दुसरा. रात्रीची गोळी सकाळवर आणताना मधल्या दिवशी दोन डोस जवळजवळ पडणार असतात. त्या दिवशी काय करायचं ते औषधागणिक वेगळं, ते विचारूनच.

बदल ठरला की गोळीची जागाही बदला. जाग आल्यावरची गोळी उशाशी, न्याहारीची पेजेच्या तपेल्याजवळच्या फळीवर, झोपतानाची पांघरुणाच्या कपाटात. चुलीजवळ आणि न्हाणीघरात मात्र काही ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरल्या तर पावसाळ्यात मऊ पडतात. आठवड्याची डबी भरायची असेल तर पट्टीसकट कात्रीने कापा, आणि एक्सपायरीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत जपा.

इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. वीज गेल्यावर मडक्यात ठेवायची युक्ती कोरड्या हवेत चांगली चालते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की मडकं फारसं गार होत नाही, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका. रोज वापरातली कुपी किंवा पेन साधारण महिनाभर घरातल्या थंड जागी चालतं. नेमके दिवस आणि तापमान पाकिटावर असतं.

## ६. घड्याळ उलटंपालटं होतं ते दिवस

मासेमारी. मध्यरात्री दोनला उठून बंदरावर जाणाऱ्याची सकाळ दोनची असते. खुंट्यांचा उपयोग इथे कळतो: रिकाम्या पोटीची गोळी जाग आल्यावर, मग ती कितीलाही येवो, न्याहारीची गोळी बोटीवर पहिलं पोटभर खाणं होईल तेव्हा. ‘कधीही, पण त्याच वेळी’ गटातली गोळी किनाऱ्यावर असाल अशा वेळेला बांधा. स्टेरॉइड आणि इन्सुलिनची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात झोप पुन्हा रात्रीवर येते; तेव्हा वेळापत्रकही बदलायचं असतं, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा. वर्षातून दोनदा होणारा हा बदल डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, कारण त्यांना तुमच्या बोटीचं वेळापत्रक ठाऊक नसतं.

गणपती. जेवायला आठला बसणार म्हणून इन्सुलिन घेतलं, आणि आरत्या चालू झाल्या. मग वाडीतलं भजन आलं. पान वाढलं साडेदहाला. जेवणाआधीचं झटपट काम करणारं इन्सुलिन पान वाढायला घेतल्यावरच टोचा. अर्धा तास आधी घ्यायचं मिश्र इन्सुलिन असेल तर यजमानांना विचारून जेवणाची वेळ पक्की झाल्याशिवाय सुई हातात घ्यायची नाही.

दशावतार, शिमग्याच्या रात्री. जागरण असलं तरी रात्रीची गोळी नेहमीच्या वेळीच घेऊन निघा. पहाटे येऊन झोपलात तरी सकाळची साखरेची गोळी खाण्याशिवाय घ्यायची नाही.

उपवास. एकादशी, अंगारकी, श्रावणी सोमवार. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाच्या दिवशीचा डोस आधीच ठरवून घ्या. सकाळी काहीच न खाता गोळी घ्यायची आणि रात्री साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारायचा, म्हणजे एकाच दिवसात साखर दोन्ही टोकांना जाते.

मुंबईचा प्रवास. औषधं हातातल्या पिशवीत. गाडीच्या डिकीत किंवा एसटीच्या टपावर नाहीत. बसमध्ये सोय नाही म्हणून अनेक जण लघवीची गोळी त्या दिवशी गाळतात. गाळायच्या ऐवजी प्रवासाच्या दिवशी वेळ कुठे सरकवायची ते आधीच विचारून घ्या.

## ७. तपासणीची वेळही औषधाइतकीच महत्त्वाची

थायरॉइडच्या तपासणीला रक्त आधी, त्या दिवशीची गोळी नंतर. आणि दर वेळी साधारण त्याच वेळी, कारण टीएसएच, म्हणजे या तपासणीतला मुख्य आकडा, दिवसभरात वरखाली होतो. कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास सांगितलं असेल तर आठलाच; अकराला दिलेल्या रक्ताचा आकडा आठच्या मापाने वाचता येत नाही.

उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तास उपाशी. पाणी चालतं, कोरा चहा नाही. साखरेची गोळी घरी घेऊन पहिल्या एसटीने उपाशी निघू नका. लॅब उघडेपर्यंत बसस्टँडवरच भोवळ येईल. गोळी आणि न्याहारी दोन्ही बरोबर न्या, रक्त दिल्यावर घ्या. जेवणानंतरच्या साखरेचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, ताट उचलल्यापासून नाही. आणि त्या दिवशी बाजारातला वडापाव नको, रोज घरी खाता तेच डब्यात न्या.

## ८. गोळी चुकली तर

दोन गोळ्या एकदम कधीच नाही. साधारण नियम असा: लवकर आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडा. पण रक्त पातळ करणारी औषधं, फिटची औषधं, इन्सुलिन आणि मेथोट्रेक्सेट यांना हा नियम लावू नका. तिथे डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात फोन करा. लघवीची गोळी संध्याकाळी आठवली तर बहुधा दुसऱ्या दिवशीच, पण हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल आणि पाय सुजलेले, दम लागलेला असेल, तर त्याच संध्याकाळी विचारा.